रायगड : ‘कुलाबा’ पाहा

रोह्याच्या एका माध्यमिक शाळेतील नववीच्या तीन मुलींनी प्रकल्पासाठी ‘खारेपाटातील बांध’ हा विषय घेतला होता. विषय घरचाच. तिघींपैकी एकीचे आजोळ पेण तालुक्यात, खाडीकाठच्या गावात. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून उघाडी, आणि बांध फुटून खारे पाणी एकदा आत आले की पुढे काही वर्षे भाताचे नाव नाही, हे सगळे तिला तोंडपाठ होते. अडचण होती ती जुन्या माहितीची. हे बांध पूर्वी कोण घालत असे, त्यांची डागडुजी कोणाकडे होती, शेतकऱ्याला त्यासाठी काय द्यावे लागे? वर्गशिक्षिकेने सांगितले, ‘मोबाइलवर शोधा. आता सगळी ग्रंथालये मोबाइलवरच आहेत.’

मुलींनी शोधले. ‘रायगड’ या शब्दाला किल्ला मिळाला, रोपवे मिळाला, सहलीच्या जाहिराती मिळाल्या. ‘रायगड शेती इतिहास’ या शब्दांना चालू हंगामातील बातम्या मिळाल्या. मग इंग्रजीतून ‘पेण’ लिहून पाहिले, तर शाईची पेने आणि त्यांच्या किमती आल्या. चार दिवसांनी मुली आमच्याकडे आल्या त्या ‘या विषयावर काहीच माहिती नाही’ असा निष्कर्ष घेऊन.

माहिती होती, आणि ती डिजिटल स्वरूपातही होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ साली छापला गेला. त्यात खाऱ्या जमिनी, बांध, मिठागरे आणि जमीनधाऱ्याच्या पद्धती यांची बरीच हकिकत आहे. १९६४ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. राज्याच्या दर्शनिका विभागाने ही जुनी गॅझेटियरे संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत. पण या दोन्ही ग्रंथांच्या नावात ‘रायगड’ हा शब्द नाही. जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी बदलले. त्याआधी तो कुलाबा जिल्हा होता. शिवाय बांध घालून खारी जमीन लागवडीखाली आणण्याच्या जुन्या पद्धतीला त्या काळी ‘शिलोत्री’ म्हणत. गॅझेटियरच्या इंग्रजीत भाताच्या या शेतांना ‘सॉल्ट राइस’ जमीन म्हटले आहे. १९७९ च्या कायद्यात शब्द आहे ‘खार जमीन’. लोक म्हणतात खारेपाट. एकाच गोष्टीची ही चार नावे, आणि मुलींना त्यांतले एकच ठाऊक होते.

जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात लाकडी खणांतून कार्डे लावलेली असत. ‘रायगड जिल्हा’ या कार्डावर बरे ग्रंथपाल एक ओळ लिहून ठेवत : ‘१९८१ पूर्वीच्या माहितीसाठी कुलाबा पाहा.’ एवढ्या ओळीने मुलींचे चार दिवस वाचले असते. ही ओळ लिहिण्याचे काम आता कोण करतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आम्ही डिजिटल ग्रंथालयांच्या विरुद्ध मुळीच नाही. ज्यांनी गॅझेटियरचा एक खंड पाहण्यासाठी रोह्याहून मुंबईला जाऊन एक दिवस खर्च केला आहे, त्यांनी तसे असणे शक्यही नाही. मराठी विश्वकोशाचे वीस खंड १९७६ ते २०१५ या काळात छापून झाले. ते सगळे घेणारी शाळा आमच्या पाहण्यात फार थोड्या होत्या, आणि घेतलेले खंड कपाटातून बाहेर काढणाऱ्या त्याहून थोड्या. आज वाडीवरच्या शाळेतही ज्या शिक्षकाकडे फोन आहे त्याच्याकडे विश्वकोश आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण करण्यात आले. अरविंद गुप्ता यांनी एकट्याच्या हिमतीने जमवलेला विज्ञान-खेळण्यांचा आणि पुस्तकांचा मोफत साठा तर आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी वापरलेला असेल. त्यात मराठी पुस्तकेही पुष्कळ आहेत. ही सगळी कामे मोठी आहेत.

आमची टीका आहे ती या कामांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. पुस्तके फोनमध्ये आली, तेव्हा ग्रंथपालाची गरज संपली, असे म्हटले जाते. शाळांतील पद रिकामे राहिले तर कोणी फारसे विचारत नाही. ‘डिजिटल वाचनालय’ नावाची खोली तयार होते, तिच्यात चार संगणक येतात, उद्घाटन होते आणि खोलीची किल्ली शिपायाकडे जाते. संगणकाला माहिती सांभाळता येते, हे खरे. पण ती शोधता यावी म्हणून आधी कोणी तरी बसून जे काम करावे लागते, ते या खोलीत कोणी केलेले नसते.

हे काम कसले असते ते नेमके पाहू. प्रथम आपल्या लिपीचीच गोष्ट घेऊ, कारण ती वर्गात करून पाहता येते. संगणक शब्द वाचत नाही. तो चिन्हांना दिलेल्या क्रमांकांची माळ जुळवतो. ‘रोहा’ हा शब्द देऊन एखाद्या मजकुरात साधा शोध घ्या. ‘रोह्याला’, ‘रोह्यात’, ‘रोह्याहून’ यांपैकी काहीही सापडणार नाही, कारण सामान्यरूप होताना ‘हा’ चा ‘ह्या’ झाला आणि माळ बदलली. ‘रोहे’ असे लिहिणारेही आहेत, तेही निसटले. पेणचे उलट आहे. ‘पेणला’, ‘पेणचा’ यांत ‘पेण’ जसेच्या तसे राहते, म्हणून ते सापडते. म्हणजे एकाच रेल्वेमार्गावरची दोन गावे, पण व्याकरणामुळे एक सापडते आणि एक हरवते! इंग्रजीसाठी बनवलेली शोधयंत्रे ही अडचण फारशी जाणत नाहीत, कारण इंग्रजीत गावाच्या नावाला सामान्यरूप नसते. मोठ्या कंपन्यांच्या शोधयंत्रांत मराठीच्या रूपांची थोडीफार सोय अलीकडे झाली आहे. अनेक संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील शोधाच्या चौकटीत मात्र ती नसते.

दुसरा प्रयोग अधिक गमतीचा आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या रीतीत नेहमीचा ‘र’ घेऊन त्याच्या हलन्तापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात. शेतीवरचे निम्मे लेख एका रीतीने आणि निम्मे दुसऱ्या रीतीने टंकलिखित झाले असतील, तर शोधणाऱ्याला निम्मेच मिळतील. आणि उरलेले निम्मे आहेत हे त्याला कळणारही नाही. हाती काही लागले नाही तर माणूस पुन्हा शोधतो. अर्धे लागले की थांबतो. आमच्या मते हा दोष जास्त घातक आहे.

याच्याही आधीचा एक थर आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर ज्या टंकांत जुळवला गेला, त्यांतील बहुतेकांत प्रत्येक कंपनीचे क्रमांक निराळे होते. भारतीय मानक १९९१ साली निघाले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण छापखान्यांनी ते स्वीकारायला पुढे पंधरा-वीस वर्षे घेतली. त्या काळातील कित्येक अहवाल, मासिके आणि शाळांच्या स्मरणिका आज संगणकावर उघडल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. १८८३ चे गॅझेटियर आज सुखाने वाचता येते, आणि १९९५ ची स्मरणिका वाचता येत नाही.

राहिली ती पानांची नुसती छायाचित्रे. जुन्या मराठी पुस्तकांचे मोठे साठे या स्वरूपात आहेत. भारताच्या पहिल्या मोठ्या डिजिटल ग्रंथालय योजनेत लाखो पुस्तकांची पाने अशी उतरवली गेली. ते काम स्तुत्य होते, पण त्याच्या नोंदींविषयी चांगले बोलणे कठीण आहे. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, आणि तीही ज्याला जशी सुचली तशी. कुठे लेखकाच्या जागी प्रकाशक, कुठे सालाच्या जागी अंदाज. घाई होती, आकडा गाठायचा होता, आणि नोंदी करणाऱ्याला बहुधा पुस्तकाची भाषा येत नव्हती. पुस्तक आहे, पण ते कोणत्या स्पेलिंगखाली आहे हे देवालाच ठाऊक, अशी त्यातल्या पुष्कळ पुस्तकांची स्थिती आहे. पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवले तर ते हरवल्यातच जमा, असे ग्रंथपाल म्हणतात. इथे फळीच नाही, नुसती नोंद आहे. ती चुकली म्हणजे सगळेच चुकले.

याच्या शेजारी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ठेवून पाहावी. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची ही सूची. संगणक नाही, छायाप्रत नाही. दात्यांनी गावोगावच्या ग्रंथालयांतून हिंडून ती सिद्ध केली. लेखक, साल, पृष्ठे, विषय, सगळे नेमके. आजच्या लाखोंच्या आकड्यांपुढे ही सूची लहान वाटेल. पण तिच्यातील नोंदीवर विसंबून पुढचे पाऊल टाकता येते, आणि सूचीची पहिली कसोटी तीच असते.

विश्वकोशाबद्दलही एक तक्रार नोंदवतो, आपलेपणाने. छापील विश्वकोशात मजकुराच्या मध्ये बाण दिलेले असतात आणि नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून इतर नोंदींची नावे असतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या वाईच्या संपादकांनी हे जाळे मोठ्या कष्टाने विणले. एका नोंदीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत वाचक जात असे. संगणकावर तर हे एका टिचकीचे काम व्हायला हवे. पण आम्ही उघडलेल्या नोंदींपैकी कित्येकांत तो बाण नुसतेच चिन्ह म्हणून राहिला आहे, त्यावर बोट ठेवून कुठेही जाता येत नाही. कागदावरचा मजकूर पडद्यावर आला, पण त्याच्या वाटा कागदावरच राहिल्या. हे पुरे करायला तंत्रज्ञ थोडे लागतील. ज्याला विषयही कळतो आणि वाचकही कळतो असा माणूस मात्र लागेल.

‘कुलाबा’ हा शब्द कळला म्हणून तरी मुलींची सुटका झाली का? नाही. ‘कुलाबा’ टाकल्याबरोबर मुंबईचा कुलाबा आला, तिथले हवामान आले, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला आला. तीन कुलाबे! ग्रंथालयशास्त्रात यासाठी साधा उपाय आहे. प्रत्येक नावापुढे ते कशाचे, हे लिहून ठेवायचे : कुलाबा, जिल्हा, कुलाबा, मुंबईतील भाग, कुलाबा, किल्ला. कुंडलिकेचेही तसेच. एक रोह्यावरून रेवदंड्याकडे जाते आणि एक मराठवाड्यात आहे. पाण्याच्या प्रदूषणाचे आकडे पाहताना ही गफलत झाली तर प्रकल्प कोणत्या नदीचा झाला, ते परीक्षकालाच विचारावे लागेल.

या गोंधळातून मुलींना एक वेगळीच गोष्ट सापडली. तिच्यासाठी आम्ही थोडे आडरानात शिरतो. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होऊ लागली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम सुरू होणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने भोवती चुंबकक्षेत्र निर्माण होते, म्हणजे नाजूक उपकरणे ट्रॅमच मोजू लागणार! म्हणून १९०४ साली ही मोजणी अलिबागला हलवण्यात आली. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे तेव्हा संचालक होते. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांनी जुन्या आकड्यांचा सांधा नव्या आकड्यांशी जुळवून ठेवला. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली. मुलींचा गोंधळ अगदीच वेडगळ नव्हता.

आता खरी गोष्ट. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर एक प्रखर स्फोट दिसला. त्यानंतर पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ झाले ते आजवरच्या नोंदलेल्या वादळांत अत्यंत तीव्र मानले जाते. पण ते किती तीव्र होते? कुलाब्याच्या निरीक्षकांनी एरवी तासातासाला घेतल्या जाणाऱ्या नोंदी वादळ सुरू झाल्यावर काही मिनिटांच्या अंतराने घेतल्या होत्या. त्या वह्यांत आणि छापील कोष्टकांत तशाच पडून होत्या. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना आणि एस. अलेक्स हेही होते, त्या नोंदी वापरून एक शोधनिबंध लिहिला. कुलाब्याला चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला होता. विजेच्या वाहिन्या आणि उपग्रह यांना अशा वादळाचा धोका किती, हे ठरवताना जगभर आज हा आकडा पुढे ठेवला जातो.

एकशे चव्वेचाळीस वर्षे ते आकडे कोणी तरी सांभाळले. कपाट बदलले, इमारत बदलली, वेधशाळेचे ठिकाणही बदलले, तरी कोणत्या वहीत काय आहे हे माहीत असलेला माणूस साखळीत कायम राहिला. त्या माणसाचे नाव शोधनिबंधावर नसते. माहितीशास्त्राचे मोल एरवी पटवून देणे अवघड जाते. या एका गोष्टीने ते बरेचसे पटते, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

ग्रंथपालांची बाजू घेताना त्यांच्यावरची टीका टाळणेही बरोबर होणार नाही. आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा राखणदार ही समजूत वाचकांनी करून घेतलेली नाही, ती अनुभवाने झालेली आहे. कुलूपबंद कपाटे, ‘पुस्तक खराब होईल’ म्हणून न दिलेले कोश, दुपारी बरोबर मुलांना सुटी झाली की बंद होणारे दार, हे सगळे आपण पाहिले आहे. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यातला पहिला. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली यातच सारे आले. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. गॅझेटियरसाठी चार दिवस घालवणाऱ्या मुलींच्या बाबतीत मोडला गेला तो हाच.

रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ते ग्रंथपाल झाले, तेव्हा काम इतके कंटाळवाणे वाटले की पुन्हा शिकवायला पाठवा म्हणून त्यांनी तगादा लावला. लंडनला जाऊन ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांचे मत पालटले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून निरनिराळी खेळणी होतात, तर विषयही असेच सुटे भाग जोडून का मांडू नयेत? १९३३ ची त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती या विचारातून आली. ही कल्पना शोधयंत्रापुढे बसलेल्या मुलाला फार उपयोगी पडते. ‘खारेपाटातील बांध’ हा एक शब्दसमूह न टाकता त्याचे भाग पाडायला सांगा. पीक कोणते? भात. अडथळा कशाचा? खाऱ्या पाण्याचा. कृती कोणती? बांध घालणे. कुठे? पेण तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. केव्हा? एकोणिसावे शतक. आता प्रत्येक भागाला त्या काळात दुसरे नाव काय होते ते विचारा. आमच्या मुलींना ‘शिलोत्री’ याच वाटेने मिळाले.

या इतिहासात रोह्याचाही एक धागा आहे आणि तो रोह्यातही फारसा कोणाला ठाऊक नाही. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. त्यानंतर १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५७ साली, आयोगाने महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद रंगनाथन यांना दिले. ग्रंथपालाला अध्यापकाच्या बरोबरीने मान आणि वेतन असावे, हा विचार आपल्याकडे रुजण्यात या समितीचा मोठा वाटा आहे.

हा मान शाळेपर्यंत मात्र नीट उतरला नाही. माध्यमिक शाळेतील ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. मोठ्या शाळेला पूर्णवेळ, मध्यम शाळेला अर्धवेळ, आणि लहान शाळेत कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे. पेण शहरातील शाळा या हिशेबात बसतील. डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांजवळच्या शाळा कधीच बसणार नाहीत, आणि पुस्तक हाती ठेवणारे कोणी घरी नाही अशी मुले नेमकी तिथेच आहेत. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे असे सांगितले, वर्तमानपत्रे आणि गोष्टीची पुस्तके हवीत असेही सांगितले. ती मुलांपर्यंत पोचवणाऱ्या माणसाची तरतूद मात्र वेगळी केली नाही. १९६७ च्या कायद्यानुसार अनुदानावर चालणाऱ्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतही पगाराची गोष्ट काढू नये अशीच अवस्था आहे.

पेणची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणपतीच्या कारखान्यांच्या गावात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि शाडू हा वाद घराघरांतला. आठवीच्या एका मुलाने वर्गात विचारले, ‘सर, प्लास्टरची मूर्ती खाण्याच्या सोड्यात विरघळते असा मेसेज आलाय, खरं का?’ सरांनी फोनवर पाहिले. एका ठिकाणी ‘होय’, दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’, तिसऱ्या ठिकाणी ‘खत तयार होते’. सर चांगले, त्यांनी ‘माहीत नाही’ म्हणून सांगितले. मुलाने शाळेच्या ग्रंथपाल बाईंना गाठले. बाईंनी उत्तर दिले नाही, उलट विचारले, ‘मेसेजमध्ये सोडा म्हटलंय, पण कुठला सोडा? आणि हे मुळात कोणी करून पाहिलं?’

सगळी मेख तिथेच होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने जी पद्धत सुचवली, तिच्यात अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. बेकरीत ते वापरले जाते म्हणून लोकांनी त्याला सोडा म्हटले, आणि सोड्याचा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, झाला. पहिल्या पद्धतीत प्लास्टरमधील कॅल्शियम सल्फेटपासून कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूसारखा साका खाली बसतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, ते खत म्हणून चालते. सोडियमचा सोडा घेतला तर पाण्यात सोडियम सल्फेट उरेल. ते पाणी शेतात घातले तर काय होईल हे खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको! शिवाय दोन्हींत ‘विरघळते’ हा शब्द चुकीचा. मूर्ती साखरेसारखी विरघळत नाही, तिचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते आणि साका उरतोच. बाईंनी हे रसायनशास्त्र शिकवले नाही, ते सरांनीच शिकवले. बाईंनी फक्त प्रश्न नीट विचारायला लावला आणि मूळ कुठे आहे ते शोधून दिले. संगणक असलेल्या शाळेत ग्रंथपाल काय करतो, याचे याहून चांगले उदाहरण आमच्याजवळ नाही.

अलीकडे विचारलेल्या प्रश्नाला सफाईदार परिच्छेदात उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धीचे कार्यक्रम आले आहेत. शिक्षक ते वापरतात, आम्हीही वापरतो. पण त्यांची एक खोड लक्षात ठेवावी : माहिती नसली तर ती ते बेमालूम रचतात. २०२५ च्या मे महिन्यात ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्रात उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. लेखक खरे होते, पण त्यातली दहा पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. वृत्तपत्राच्या कचेरीत हे होते, तर नववीच्या प्रकल्पवहीतल्या संदर्भसूचीचे काय? पुस्तक खरोखर आहे का, हे सूचीत पाहून सांगणे हे ग्रंथपालाचे जुने काम. ते अचानक पुन्हा नवे झाले आहे.

सूचीच्या संगणकीकरणाला आता पैशाची सबबही उरलेली नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाने १९९९ साली करून घेतलेली आणि २००० च्या सुरुवातीपासून वापरात आलेली ‘कोहा’ ही प्रणाली फुकट मिळते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. रोह्यात कोहा, असे यमकही तयार आहे. पण आमची सूचना त्याहून साधी आहे. आपल्या परिसराच्या माहितीची कार्डे मुलांकडूनच करवून घ्यावीत. दरवर्षी वीस-पंचवीस झाली तरी पुरे. गॅझेटियरमधील आपल्या तालुक्याची पाने, ‘कृषीवल’सारख्या वृत्तपत्रांतील जुनी कात्रणे, ग्रामपंचायतीचे नकाशे, शाळेच्या स्मरणिका. प्रत्येक कार्डावर गोष्टीची सगळी नावे, ती कुठे आहे, आणि कोणी पाहिली. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती तयार मिळतील. हे काम शिक्षकाने एकट्याने करू नये, गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला बरोबर घ्यावे. तो बहुधा खूश होईल. त्याला असे काम फारसे कोणी सांगितलेले नसते.

त्या तीन मुलींनी अकरा कार्डे केली. पहिल्या कार्डावर या लेखाचे शीर्षक आहे. ‘शिलोत्री’, ‘खार जमीन’, ‘उघाडी’ यांची कार्डे एकमेकांकडे बोट दाखवतात. शेवटच्या कार्डावर ‘खांड’ हा शब्द आहे. बांधाला भगदाड पडले की तिच्या आजोळी ‘खांड गेली’ म्हणतात. शोधयंत्राला हा शब्द दिला तर साखर आणि खांडसरी येते. कुठे सापडले या रकान्यात मुलीने लिहिले आहे : ‘आजी, तोंडी.’ आमच्या ग्रंथपाल मित्राने ते कार्ड पाहिले आणि खाली तारीख आणि गावाचे नाव घालायला लावले.